कुबालाचे कागद

17 मार्च 1954. रोममध्ये स्पेन आणि तुर्कस्तान समोरासमोर. जो जिंकेल तो त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला फुटबॉलचा वर्ल्ड कप खेळायला जाणार. माद्रिदचा सामना स्पेनने 4-1 असा जिंकला होता, इस्तंबूलचा तुर्कस्तानने 1-0 असा. आजच्या पद्धतीने गोलांची बेरीज धरली असती तर स्पेन केव्हाच पुढे गेला असता. तेव्हा फक्त गुण मोजत. दोघांचे गुण सारखे, म्हणून तिसऱ्या देशात तिसरा सामना. आणि या सामन्याच्या तोंडावर स्पेनच्या गोटात एक तार येऊन पडली. तिचा मथितार्थ एवढाच, की कुबालाला खेळवण्याबाबत जपून. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी धोका पत्करला नाही. संघातला सगळ्यात घातक स्ट्रायकर बाहेर बसला. जादा वेळ खेळूनही सामना 2-2 राहिला आणि शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एका मुलाने चिठ्ठी उचलली. नाव निघालं तुर्कस्तानचं.

लास्लो कुबालावर लिहिणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती ट्रकपासून. 1949 चा जानेवारी, रशियन सैनिकाचा वेश, ट्रकच्या मागच्या भागात बसून हंगेरीची सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात. ती घटना थरारक आहेच. पण मला विचाराल तर कुबालाचं आयुष्य खरं उलगडतं ते कागदांतून. नोंदणी, ना-हरकत, नागरिकत्व, पात्रता. मैदानावर त्याला अडवणारे बचावपटू युरोपात फार नव्हते. टेबलामागे बसलेले बरेच होते.

त्याचा जन्म बुडापेस्टचा, 10 जून 1927. घराणं स्लोव्हाक वळणाचं. फेरेन्त्सवारोसकडून खेळायला लागला आणि 1946 मध्ये ब्रातिस्लाव्हाला गेला. तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघातून 6 सामने खेळला. तिथल्याच फर्डिनांड दाउचिक या प्रशिक्षकाच्या बहिणीशी लग्न केलं. हा मेव्हणा पुढे फार कामाला येणार होता. 1948 मध्ये कुबाला परत हंगेरीत आला, वाशाश क्लबकडून खेळला आणि हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून 3 सामने. म्हणजे एकविसाव्या वर्षी दोन देशांच्या जर्सी अंगावरून उतरल्या होत्या. मग तो ट्रक.

पळून जाणं एका रात्रीचं काम. त्यानंतरचा गुंता दोन वर्षं पुरला. हंगेरीच्या फेडरेशनने फिफाकडे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेकडे, तक्रार केली: वाशाशशी केलेला करार मोडला, परवानगीशिवाय देश सोडला, लष्करी सेवा केली नाही. फिफाने ती उचलून धरली आणि एक वर्षाची बंदी घातली. इटलीत प्रो पात्रिया या क्लबने त्याला घेतलं होतं, पण बंदी असलेल्या खेळाडूला अधिकृत सामन्यात उतरवता येत नाही. राहतात ते मैत्रीपूर्ण सामने. तोरिनो क्लबने लिस्बनच्या अशाच एका सामन्यासाठी त्याला बोलावलं होतं आणि मुलगा आजारी पडल्यामुळे तो गेला नाही, असं सांगतात. परतीच्या वाटेवर 4 मे 1949 रोजी तोरिनोचं विमान सुपेर्गाच्या टेकडीवर आदळलं. अख्खा संघ गेला.

बंदीतूनही त्याने वाट काढली ती व्यवहारी माणसाची. पूर्व युरोपातून पळून आलेल्या खेळाडूंची मोट बांधून ‘हुंगारिया’ नावाचा संघ उभा केला. प्रशिक्षक अर्थात मेव्हणा. 1950 च्या उन्हाळ्यात हा संघ स्पेनमध्ये मैत्रीपूर्ण सामने खेळत फिरला. तिथे रिअल माद्रिदची नजर कुबालावर गेली, पण बार्सिलोना क्लबच्या जोसेप सामितिएरने माद्रिदच्या आधी त्याची सही घेतली. कुबालाची अट होती की दाउचिकलाही प्रशिक्षक म्हणून घ्या. घेतलं. स्वतःच्याच कागदांचा ठिकाणा नसलेल्या माणसाने दुसऱ्याची नोकरी करारात लिहून घ्यावी, याला धाडस म्हणायचं की धूर्तपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सही झाली तरी खेळता येत नव्हतं. म्हणून स्पॅनिश फेडरेशन आणि क्लब यांनी टप्प्याटप्प्याने काम केलं. आधी हौशी खेळाडू म्हणून नोंद, सुरुवातीला फक्त मैत्रीपूर्ण सामने, मग 1951 च्या वसंतात कप स्पर्धा, त्याच वर्षी स्पॅनिश नागरिकत्व आणि त्यानंतर 1951-52 च्या हंगामात लीग. या पायऱ्यांतली एक जरी निसटली असती तरी पुढचं काही घडलं नसतं. 10 फेब्रुवारी 1952 ला बार्सिलोनाने स्पोर्तिंग गिहोनला 9-0 असं लोळवलं, त्यातले 7 गोल एकट्या कुबालाचे. त्याच वर्षी क्लबने लीग, कप आणि लॅटिन कप धरून पाच करंडक जिंकले.

तो खेळायचा कसा, हे थोडं नीट पाहू. कुबाला उंच नव्हता, पण तरुणपणी बॉक्सिंग केलेलं अंग, मांड्या खांबासारख्या. पाठीला बचावपटू चिकटलेला असताना चेंडू राखणं ही त्याची पहिली मालमत्ता. आज प्रत्येक अकादमीत हे शिकवतात आणि निम्मी मुलं चुकतात, कारण त्यांना वाटतं की हा ताकदीचा खेळ आहे. आधी तो उभं राहण्याचा आहे. गुडघे वाकलेले, कंबर खाली, शरीर आडवं. म्हणजे बचावपटू आणि चेंडू यांच्यामध्ये तुमच्या एका खांद्याची पूर्ण रुंदी आली पाहिजे. चेंडू लांबच्या पायाजवळ, वजन जवळच्या पायावर. जवळचा हात खाली आणि किंचित बाहेर: ढकलायला नाही, समोरचा कुठल्या बाजूने येतोय ते चाचपायला. तो ज्या बाजूने रेटतो, त्याच्या उलट बाजूला वळायचं. त्याचा जोर तुम्हालाच फिरवून देतो. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून ताठ उभे राहिलात की एका धक्क्यात पुढे जाता. चेंडूकडेच बघत बसलात तर मागून येणारा दुसरा बचावपटू दिसत नाही. ताकद लागते ती यानंतर, हे सगळं दोन सेकंद टिकवून धरायला.

दुसरी मालमत्ता फ्री किक. स्पेनमध्ये भिंतीवरून वळवून चेंडू आत टाकण्याची कला लोकांनी पाहिली ती मुख्यतः त्याच्या पायातून. भिंत 9.15 मीटरवर उभी असते, गोलाची रुंदी 7.32 मीटर, उंची 2.44. सरळ मारलेला चेंडू भिंतीवरून गेला तर बहुधा आडव्या दांड्यावरूनही जातो, म्हणून त्याला फिरकी हवी. उजव्या पायाच्या आतल्या कडेने, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाने, चेंडूच्या उजव्या बाजूला आणि मध्याच्या थोडं खाली मारलं की तो उजवीकडून डावीकडे वळतो. आधाराचा पाय चेंडूपासून साधारण वीतभर-दीड वीत दूर. त्याहून लांब पडला तर पाय चेंडूला ओढत जातो आणि फिरकी मरते, फार जवळ पडला तर मारणारा पाय फिरायला जागाच राहत नाही. अंग मागे झुकलं की चेंडू गॅलरीत. चेंडूचा वेग उतरू लागतो तसा वळण्याचा परिणाम अधिक दिसतो, म्हणून गोलरक्षकाला तो शेवटच्या काही मीटरमध्ये ‘फुटल्यासारखा’ वाटतो. आपल्याकडे लेगस्पिनरच्या चेंडूबद्दल बोलतात तसंच. आणि हे सगळं त्या काळच्या कातडी चेंडूने. कोरडा असताना नियमाप्रमाणे 400 ते 450 ग्रॅम. पाऊस पडला की कातडं पाणी पिऊन तो जड होई, आणि त्याच पायाने, त्याच अंतरावरून, त्याच कोनात मारलेली किक दोन हात खाली पडे. पावसात फ्री किक मारणाऱ्याला आपला अख्खा हिशेब नव्याने मांडावा लागायचा.

1952-53 च्या हंगामात त्याला क्षयाने गाठलं. फुटबॉल संपला असंच सगळ्यांना वाटलं. डोंगरातल्या गावी विश्रांती घेऊन तो परतला आणि परत गोल करू लागला. चार लीग विजेतेपदं, पाच कप. लेस कोर्त्स हे बार्सिलोनाचं जुनं मैदान कुबालाला पाहायला येणाऱ्या गर्दीला अपुरं पडलं म्हणून कॅम्प नोउ हे नवं मैदान बांधलं, असं सर्रास म्हटलं जातं. मोठ्या मैदानाची गरज एकट्या माणसामुळे निर्माण होत नसते. पण रोमच्या त्या चिठ्ठीनंतर अकराच दिवसांनी, 28 मार्च 1954 ला, नव्या मैदानाची पायाभरणी झाली. ज्या आठवड्यांत एका कागदाने त्याला बाहेर बसवलं, त्याच आठवड्यांत त्याच्या नावाने जमणाऱ्या लोकांसाठी पाया खणला जात होता.

स्पेनकडून तो 19 सामने खेळला, 11 गोल केले. वर्ल्ड कप एकही नाही. तीन देशांच्या जर्सी आणि वर्ल्ड कपचा एकही मिनिट नाही. 1961 च्या युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात बार्सिलोनाकडून खेळताना बर्नला त्याचा एक फटका एका खांबाला लागला, रेषेसमोरून गेला, दुसऱ्या खांबाला लागला आणि बाहेर आला. त्या मैदानाचे गोलखांब चौकोनी होते. पोर्तुगालचा बेन्फिका 3-2 असा जिंकला.

इथे नियमांबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘कुबाला आज असता तर’ ही चर्चा नेहमी अर्धवट राहते. त्याच्या काळी एका देशाकडून खेळलेला माणूस नागरिकत्व बदलून दुसऱ्याकडून खेळू शके. दि स्तेफानो (आधी अर्जेंटिना, मग स्पेन) आणि पुश्काश (आधी हंगेरी, मग स्पेन) ही त्याच काळातली उदाहरणं. 1960 च्या दशकात फिफाने हे दार लावलं. पुढे ते हळूहळू किलकिलं केलं, आणि 2020 पासूनची स्थिती अशी: एका देशाच्या मुख्य संघातून अधिकृत सामने खेळलेल्यालाही एकदाच देश बदलता येतो, पण मुख्य संघातले त्याचे सामने, मैत्रीपूर्ण धरून, तीनपेक्षा जास्त नसावेत, सगळे वयाच्या 21 वर्षांआधीचे असावेत, शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटलेली असावीत आणि वर्ल्ड कपच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत तो खेळलेला नसावा. शिवाय आधीच्या देशाकडून पहिला सामना खेळला तेव्हाच नव्या देशाचं नागरिकत्व हाती असायला हवं. नव्या देशाशी नातंही दाखवावं लागतं: तिथला जन्म, आईवडील किंवा आजीआजोबांचा तिथला जन्म, किंवा प्रौढ वयात आलेल्यासाठी सलग पाच वर्षांचं वास्तव्य. कुबालाचे चेकोस्लोव्हाकियासाठीचेच सामने सहा. आजच्या नियमांत तो पहिल्याच पायरीवर अडकला असता.

आपल्याकडे कुलूप फिफाचं नाही, पासपोर्टचं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि राष्ट्रीय संघात खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. परदेशस्थ भारतीयाचं कार्ड चालत नाही. सर्वसाधारण परकीयाला नागरिकत्वासाठी अर्जाआधीचे सलग 12 महिने आणि त्याआधीच्या 14 वर्षांत मिळून 11 वर्षं इथे राहावं लागतं. स्ट्रायकरचं अख्खं आयुष्य साधारण तेवढंच. जपानमध्ये जन्मलेला, वडिलांकडून भारतीय असलेला इझुमी अराता मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि नंतर पुणे एफसीत खेळला. जपानी पासपोर्ट सोडून त्याने भारतीय घेतला आणि 2013 मध्ये भारताकडून मैदानात उतरला, तेव्हा तिशी ओलांडली होती. बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून त्याचे पास पाहिलेल्यांना हा सौदा किती एकतर्फी होता ते कळेल: देश सोडल्याचा कागद कायमचा, संघातली जागा पुढच्या निवडीपर्यंत. तोही पुढे प्रशिक्षणाकडे वळला आणि नवी मुंबईत मुलांना शिकवू लागला.

कुबालाचं प्रशिक्षक होणं सुरळीत नव्हतं. बार्सिलोनाने 1961 मध्ये बूट उतरवल्या-उतरवल्या मुख्य संघ त्याच्या हाती दिला आणि 1963 च्या सुरुवातीला काढून घेतला. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर ड्रेसिंग रूममध्ये बसलो त्यांनाच आज बाहेर बसवायचं, हे काम कोणालाही दीड वर्षात जमत नाही. मग तो शहरातल्याच प्रतिस्पर्धी एस्पान्योलमध्ये गेला, पुन्हा बूट चढवले, खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. बार्सिलोनाच्या चाहत्यांना ते झोंबलं. पुढे झुरिक. तिथे 1966 च्या शरदात युरोपियन कपमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकविरुद्ध, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो स्वतःच उतरला. सेल्टिक ती स्पर्धा जिंकून गेला. त्यानंतर टोरांटो, कोर्दोबा. हे दिवस फार रेंगाळण्यासारखे नाहीत.

1969 मध्ये स्पेनचा राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला. फिनलंडकडून हरून 1970 च्या वर्ल्ड कपची संधी गेली होती. पहिला सामना पुन्हा फिनलंडशीच, जिब्राल्टरच्या सीमेला लागून असलेल्या ला लिनेआ गावी, 6-0. तिथून जवळजवळ अकरा वर्षं, 68 सामने. म्हणजे वर्षाला सरासरी सहा. क्लबचा प्रशिक्षक एवढे सामने दीड-दोन महिन्यांत संपवतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाकडे सराव करून घेण्याएवढा वेळच नसतो. त्याचं खरं काम निवडीचं आणि माणसं सांभाळण्याचं. माद्रिद आणि बार्सिलोनाचे खेळाडू वर्षभर एकमेकांच्या नडग्यांवर लाथा घालणार आणि तीन दिवसांसाठी एका संघात येणार. त्यांना सांभाळण्यात कुबाला वाकबगार होता असं मला वाटतं. डावपेचांत तेवढा नाही. अकरा वर्षं खुर्ची टिकली ती पहिल्या गुणामुळे. हाती फार काही लागलं नाही ते दुसऱ्यामुळे.

याच काळात स्पेनमध्ये कागदांचा वेगळाच तमाशा चालू होता. 1962 च्या वर्ल्ड कपनंतर लीगमध्ये परदेशी खेळाडूंना बंदी झाली. मात्र स्पॅनिश वंशाच्या लॅटिन अमेरिकन खेळाडूंना मुभा राहिली. त्यांना ‘ओरिउंदो’ म्हणत. मग काय, रातोरात कित्येकांना स्पॅनिश आजोबा सापडले. फुटबॉलच्या वर्तुळात विनोद सांगतात की एकाच्या अर्जावर वडिलांचं जन्मगाव ‘सेल्ता’ लिहिलं होतं. सेल्ता हे गाव नाहीच, विगो शहरातला क्लब आहे. खोटे दाखले एवढे वाढले की 1973 मध्ये परदेशी खेळाडूंना सरळ दार उघडावं लागलं. या गदारोळाकडे कुबाला कोणत्या नजरेने पाहत असेल? त्याचे कागद खरे होते, तरी त्याला बसवलं होतं.

1974 च्या वर्ल्ड कपच्या पात्रतेत स्पेन पुन्हा बरोबरीत, या वेळी युगोस्लाव्हियाशी. पुन्हा तटस्थ मैदान, या वेळी फ्रँकफर्ट, 13 फेब्रुवारी 1974. कातालिन्स्कीचा एक गोल, स्पेन बाहेर. रोमला वीस वर्षं होत आली होती.

म्हणून 30 नोव्हेंबर 1977 चं बेलग्रेड, 1978 च्या वर्ल्ड कपच्या पात्रतेचा सामना. गटात तीनच संघ: स्पेन, युगोस्लाव्हिया, रुमानिया. शेवटच्या सामन्याआधीचं गणित असं होतं की स्पेन एका गोलाने हरला तरी चालेल, दोन गोलांनी हरला तर घरी. अशी सवलत फसवी असते. एक गोल हातचा आहे म्हणून संघ मागे सरकतो, आणि एकदा मागे सरकलेला संघ समोरच्याला कॉर्नर बहाल करत राहतो. पहिल्या पंधरा मिनिटांतच कर्णधार पिरी जखमी होऊन बाहेर गेला. प्रेक्षक उसळलेले, लाथा मुक्तहस्ते. तरी बचाव टिकला, आणि सत्तराव्या मिनिटाच्या सुमाराला कार्देन्योसाने डावीकडून चेंडू आत टाकला. रुबेन कानोने पाय घातला. फटका नीट बसलाच नाही. चेंडू नडगीला लागून टप्पा घेत आत गेला. 1-0. नंतर खुआनितो बदली होऊन बाहेर जाताना प्रेक्षकांना अंगठा खाली करून दाखवू लागला आणि डोक्यात बाटली बसली. हात दाखवून अवलक्षण.

गोल करणारा कानो अर्जेंटिनात, मेंदोसा प्रांतातल्या सान राफाएलचा. स्पॅनिश पासपोर्टवर खेळणारा, बाहेरून आलेला सेंटर फॉरवर्ड. त्याला कोणाच्या तारेने अडवलं नाही. पन्नाशीतला कुबाला त्याच्या नडगीमुळे पहिल्यांदा वर्ल्ड कपला निघाला, तोही कानोच्याच मायदेशी.

तिथे ऑस्ट्रियाकडून 1-2 हार. मग मार दे प्लाताला ब्राझील. गोलरक्षक लेआव पुढे येऊन चुकला आणि चेंडू कार्देन्योसासमोर पडला, गोल उघडा. अशा वेळी पहिल्या स्पर्शात मारायचं, मग फटका कुरूप का असेना. त्याने चेंडू थांबवला. तेवढ्यात ब्राझीलचा बचावपटू अमाराल रेषेवर पोचला आणि फटका त्याच्या अंगावर. 0-0. बेलग्रेडला नडगीवरून गेला तो गोल, इथे घोटीव डाव्या पायातून निघाला तो नाही. स्वीडनला 1-0 हरवूनही स्पेन गटातच संपला. 1980 च्या युरोमध्येही तेच: इटलीशी 0-0, बेल्जियमकडून आणि इंग्लंडकडून 1-2. दोन मोठ्या स्पर्धा, सहा सामने, चार गोल. आणि प्रशिक्षक तो, ज्याने एका दुपारी एकट्याने सात मारले होते.

1980 मध्ये कुबाला बार्सिलोनात परतला आणि काही महिन्यांतच तिथूनही गेला. नंतर सौदी अरेबिया, मालागा, पॅराग्वे. 1988 मध्ये मालागाला त्याने पहिल्या श्रेणीत नेलं. तो 17 मे 2002 रोजी वारला. स्पेनच्या संघाची त्याने सोडलेली खुर्ची मिळाली होसे सांतामारियाला. तो मोंतेविदेओमध्ये जन्मलेला, आधी उरुग्वेकडून आणि नागरिकत्व घेतल्यावर स्पेनकडून खेळलेला. उरुग्वेच्या जर्सीत तो जो वर्ल्ड कप खेळला, तो 1954 चा.